वेल्सच्या खासदारांचं एक वाक्य

नोव्हेंबर २००७, तिसरा बुधवार. सकाळी किटलीत व्हिनेगर घालून ठेवलं. इथे लंडनात, एजवेअरच्या पाण्यात चुना इतका, की तीन महिने लक्ष दिलं नाही तर चहावर पांढरा पापुद्रा तरंगतो. व्हिनेगर दुसऱ्या दिवसापर्यंत राहू दिलं तर किटली चांगली निघते. म्हणून संध्याकाळचा चहा पातेल्यात करायचं ठरवलं आणि किटलीवर चिठ्ठी चिकटवली, नाहीतर नवरा वॉटफर्डच्या ऑफिसातून आल्या आल्या बटण दाबणार.

किटलीशेजारी एक कागद पडून होता. आईला जाऊन वर्ष होत आलं होतं आणि सांगलीच्या पेपरात प्रथम पुण्यस्मरणाची जाहिरात द्यायची होती. धाकट्या भावाने मजकूर तयार करून ईमेलने पाठवला होता. ‘ताई, तू लिहिण्याचंच खातेस, एकदा नजर टाक,’ असं वर लिहिलेलं. मजकुरात एक वाक्य होतं : ‘आम्हा सर्व मुलांच्या सहवासात तू शांतपणे अखेरचा श्वास घेतलास.’ आम्ही मुलं दोनच. भाऊ आणि मी. चार दिवस कागद तिथेच होता. मी त्याच्या बाजूने ओटा पुसत होते.

मी लिहिण्याचं खाते हे खरं, पण लिहिणं दुसऱ्यांचं. लग्न होऊन लंडनला आले तेव्हा माझ्याकडे शॉर्टहँडची दोन सर्टिफिकिटं होती. आधी कोर्टांत काम केलं, मग परीक्षा देऊन पार्लमेंटमध्ये लागले. सभागृहात जे बोललं जातं त्याचा शब्दशः अहवाल तयार करणाऱ्यांपैकी मी एक. स्पीकरच्या खुर्चीच्या वर एक गॅलरी आहे, तिथे पाच मिनिटं बसायचं, कोण बोललं, कोण मधेच ओरडलं ते टिपायचं. पुढचा माणूस आला की उठायचं, वर खोलीत येऊन रेकॉर्डिंग ऐकत टाइप करायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते छापून हजर. पुढे त्याचे जाडजूड खंड बांधले जातात. शॉर्टहँडला तोवर कोणी विचारत नव्हतं, पण कान लागायचा.

वेल्सच्या राष्ट्रीय पक्षाचे ते खासदार माझ्या वाट्याला बऱ्याचदा यायचे. त्यांचा पक्ष एका बाकावर मावेल एवढा, त्यामुळे बोलायची पाळी शेवटी. तोवर मोठ्या पक्षांची मंडळी चहाला गेलेली असायची. रिकाम्या हिरव्या बाकांसमोर ते उभे राहायचे आणि एक एक विषय मांडायचे. बंद पडलेली पाटीच्या दगडाची खाण, वेल्शमध्ये न मिळणारे सरकारी फॉर्म, दीपगृह, दुधाच्या गाड्या, इराकमध्ये गेलेल्या पोरांची पत्रं. त्यांची एक सवय होती. मंत्र्यांनी दोन वर्षांपूर्वी काय म्हटलं ते आमच्याच खंडातून काढून, रकान्याच्या नंबरासकट वाचून दाखवायचे. मंत्री लोकांना ते आवडायचं नाही. आम्हाला आवडायचं. आपलं काम कोणीतरी वापरतंय, एवढंच.

भाषण झालं की ते वेल्श गावांच्या नावांची यादी स्वतः मोठ्या अक्षरांत लिहून वर पाठवायचे. दुसऱ्या कोणाला ती कटकट वाटायची. मला नाही वाटली. माझं स्वतःचं नाव या देशात वीस वर्षं वेगवेगळ्या प्रकारांनी घेतलं गेलेलं आहे, त्यामुळे नाव नीट लिहायला मला कष्ट पडत नाहीत.

त्या बुधवारी चर्चा थंडीवर होती. म्हाताऱ्या माणसांची घरं हिवाळ्यात उबदार राहत नाहीत, त्यावर. ते साधारण चारला उभे राहिले. मी गॅलरीत होते. डोंगरातल्या गावांपर्यंत गॅसची लाइन पोचलेली नाही, लोक अजून कोळसा आणि तेलावर आहेत, असं ते सांगत होते. समोर मंत्री शेजारच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलून हसत होते. मग यांनी एका बाईंची गोष्ट सांगितली. नव्वदीच्या, पूर्वी शाळेत शिकवणाऱ्या, खाणीच्या वरच्या शेवटच्या घरात राहणाऱ्या. जानेवारीत गेल्या. ‘त्या एकट्या गेल्या,’ ते म्हणाले. ‘त्यांचा हात धरायलाही कोणी नव्हतं.’ मंत्र्यांनी मान वर केली. मी वेळ टिपली, माझी पाच मिनिटं संपली, उठले.

वर येऊन ते वाक्य टाइप केलं. मला काही वाटलं नाही. त्या वर्षात मला कशानेच फारसं काही वाटत नव्हतं. काम वेळेवर होत होतं, चुका पूर्वीपेक्षा कमी होत होत्या.

पाचच्या सुमाराला शेजारच्या टेबलावरचा एडिनबराचा सहकारी म्हणाला, “तुझे वेल्शवाले आलेत बघ. स्वतः. जिने चढून.”

“यादी द्यायला आले असतील.”

“यादीला असा चेहरा लागत नाही. आमचे स्कॉटिश बरे. भांडायचं असेल तर खालूनच ओरडतात.”

ते दाराशी उभे होते. उंच, खांदे पुढे झुकलेले, हातात यादी नव्हती. माझ्या टेबलाजवळ आले आणि बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

“त्या बाईंबद्दलचं वाक्य,” ते म्हणाले. “ते छापायला गेलं का?”

“अजून नाही.”

“मग बदलायचंय. त्या एकट्या नव्हत्या. त्यांची मुलगी होती.”

झालं होतं असं. ‘मी या विषयावर बोलणार आहे, टीव्हीवर बघा,’ असं खासदारांनी मुलीला स्वतःच कळवलं होतं. ती गावातल्या दोन शेजारणींना घरी बोलावून बघत बसली होती. वाक्य ऐकल्यावर तिने त्यांच्या ऑफिसला फोन केला.

“काय म्हणाल्या?” मी विचारलं. विचारायची गरज नव्हती.

“म्हणाली, आठ दिवस मी आईच्या खोलीत खुर्चीवर झोपले. रोज तिचे पाय धुतले. आणि तुम्ही सगळ्या देशाला सांगितलंत की तिथे कोणी नव्हतं.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “तिचा भाऊ तिच्याशी बोलत नाही. आईला सांभाळलं नाहीस, असं तो आधीपासून म्हणतोय. आता तो हा कागद घेऊन फिरेल. आमच्याकडचे पेपरही तुमच्या अहवालातूनच उचलतात.”

मी त्यांच्या भाषणाची टिपणं मागितली. त्यांनी खिशातून काढून दिली. टिपणांत फक्त ‘जानेवारीत वारल्या’ एवढंच होतं.

“मग एकट्या कुठून आलं?”

“मंत्री गप्पा मारत होते,” ते म्हणाले. “त्यांनी ऐकावं म्हणून माझ्या तोंडून निघून गेलं. आणि त्यांनी ऐकलं.”

आमचा नियम साधा आहे. व्याकरण सुधारता येतं. सन चुकला असेल आणि चूक उघड असेल तर तोही. पण अर्थ बदलता येत नाही. जे बोललं गेलं ते राहतं. हा नियम त्यांना माझ्याइतकाच पाठ होता, त्याच्याच जोरावर ते मंत्र्यांना धरायचे. वाक्य माझ्या स्क्रीनवर होतं. काढायला एक सेकंद लागला असता. रेकॉर्डिंग परत कोण ऐकतंय? मी त्या वाक्याकडे पाहिलं आणि त्या बाईच्या पायांचा विचार केला. म्हाताऱ्या माणसाच्या टाचा कशा असतात ते मला माहीत होतं. पण ती माहिती जुनी होती. आईच्या शेवटच्या वर्षातली नव्हती.

“नाही करता येणार,” मी म्हणाले.

“एक शब्द. ‘एकट्या’ काढा. हाताचंही काढा.”

“तुमच्या जागी मंत्री असते आणि मी काढलं असतं, तर उद्या तुम्ही काय केलं असतंत?”

ते किंचित हसले. हसू टिकलं नाही. “तुम्हाला फाडून खाल्लं असतं.”

“मग.”

“त्या मुलीला काय सांगू?”

“तिला मी काय सांगणार? तुम्ही सभागृहात उभे राहा आणि चूक झाली म्हणा. तेही आम्ही छापू. आजच म्हणालात तर दोन्ही एकाच अंकात येतील.”

“आज? सातला मतदान आहे. सगळे हजर असणार.”

“मग सगळे ऐकतील.”

हे मी बोलले तेव्हा ते जरा कठोर वाटलं असेल. मला ते वेळापत्रक सांगितल्यासारखंच वाटत होतं. त्यांनी टिपणं घडी करून खिशात ठेवली, आभार मानले आणि गेले.

“फार झालं हं,” एडिनबरावाला म्हणाला. “बिचारा रडायच्या बेताला होता.”

“तुझी सातची पाळी मला दे.”

“का?”

“दे म्हटलं ना. तू लवकर घरी जा.”

“देवा, आज हिला झालंय काय,” तो म्हणाला आणि कोट उचलला.

सातला गॅलरीत जाऊन बसले. मतदानाच्या वेळी सभागृह भरतं आणि निकाल वाचला की सगळे एकदम उठतात, शाळा सुटल्यासारखे. त्या गलक्यात ते शेवटच्या बाकावर उभे राहिले. “पॉइंट ऑफ ऑर्डर,” म्हणजे हरकतीचा मुद्दा, असं दोनदा म्हणावं लागलं. कोणीतरी ‘आता काय!’ म्हणून ओरडलं, हशा झाला. मी दोन्ही टिपलं.

“आज दुपारी मी माझ्या मतदारसंघातल्या एका बाईंबद्दल बोललो,” ते म्हणाले. “त्या एकट्या गेल्या असं मी म्हणालो. ते खोटं आहे. त्यांची मुलगी आठ दिवस त्यांच्या खोलीत होती आणि शेवटी त्यांचा हात तिच्या हातात होता. मी न विचारता बोललो. मी तिची माफी मागतो.”

दाराकडे निघालेले काही लोक थांबले. दुपारचे ते मंत्री बाकावर बसूनच होते, त्यांनी खाली कागदांत पाहिलं. स्पीकर म्हणाले, हा काही पॉइंट ऑफ ऑर्डर नाही, पण माननीय सदस्यांचं म्हणणं नोंदलं गेलं आहे. असं ते नेहमीच म्हणतात. चूक कबूल करायला सभागृहात वेगळा दरवाजा नाही, म्हणून साधे सदस्य याच दरवाजाने येतात आणि स्पीकर हा तो दरवाजा नव्हे असं सांगून त्यांना आत घेतात.

वर येऊन टाइप केलं. ‘खोटं’ शब्दापाशी थांबून रेकॉर्डिंग परत ऐकलं. ‘चुकीचं’ म्हणाले असते तरी चाललं असतं, पण ते ‘खोटं’च म्हणाले होते. तसंच ठेवलं. दुपारचं वाक्य आणि हे वाक्य, मधे बरीच पानं होती. पहिलं वाचणारा दुसऱ्यापर्यंत पोचेलच असं नाही. मुलीच्या भावाने कोणतं पान कापून ठेवलं ते मला कधी कळलं नाही. ते खासदार त्यानंतरही बोलत राहिले, नावांच्या याद्या येत राहिल्या. या विषयावर आम्ही परत बोललो नाही. फक्त पुढे त्यांनी कोणा माणसाची गोष्ट सांगितली, की आधी म्हणायचे, ‘त्यांच्या घरच्यांना विचारून सांगतो.’

घरी जाताना ट्यूब रेल्वेत एजवेअरपर्यंत बसायला जागा मिळाली. आईचं सगळं मी क्रमाने आठवलं, जसं फाइल बघावी तसं. गुरुवारी भावाचा फोन : ताप आहे, पण घाई करू नकोस. शुक्रवारी माझ्या पाळ्या होत्या, त्या बदलता आल्या असत्या. मी रविवारचं तिकीट काढलं. शनिवारी दुपारी आई गेली. मी सोमवारी सांगलीला पोचले तेव्हा घर धुऊन झालं होतं. मी कपाट उघडलं आणि औषधं लावायला घेतली. न फोडलेल्या पट्ट्या वेगळ्या करून केमिस्टकडे परत दिल्या. लोक म्हणाले, केवढी खंबीर आहे. मी खंबीर नव्हते. मला करायला तेवढंच उरलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला भावाला फोन लावला. तिकडे साडेबारा वाजले होते, तो जेवायला बसत होता.

“ताई, मजकूर बघितलास? आज द्यायलाच हवा.”

“बघितला. ‘सर्व मुलांच्या सहवासात’ काढ.”

“का गं? चांगलं वाटतंय की.”

“मी नव्हते.”

“अगं, लोक विचारतात ना. लंडनची मुलगी आली होती का म्हणून. तुझ्यासाठीच तर घातलं ते.”

“माहितेय मला. काढ.”

“मग काय लिहू?”

“तू होतास. तू तिचा हात धरला होतास ना?”

“हो.” मग म्हणाला, “सकाळपासून.”

“मग ‘मुलाच्या सहवासात’ असं लिही. एकवचनी.”

“आणि तू?”

“मी सोमवारी पोचले.”

“पुण्यस्मरणात सोमवार कोण लिहितं, ताई?”

“नको लिहू. खाली नावांत माझं नाव आहे, तेवढं पुरे.”

त्याने पुन्हा एकदा विचारलं, नक्की का. मी नक्की म्हटलं. त्याचं ताट थंड होत होतं. फोन ठेवला.

किटलीतलं व्हिनेगर ओतून दिलं. चुन्याचे पापुद्रे सिंकमध्ये पडले. दोनदा पाणी उकळून टाकून दिलं, तिसऱ्या पाण्याचा चहा केला. चहाला आंबट वास येत होता. तसाच प्यायले आणि आठ दहाची ट्यूब पकडली.