सोळा लिफाफ्यांच्या आत्या

कुणाविषयी लिहावे असा अधिकार मला नाही. पन्नाशी उलटल्यावर प्रथमच लेखणी हाती घेणाऱ्याने गप्प राहावे, हेच बरे. आत्यांनी हे वाचले असते, तर पहिल्याच परिच्छेदाला म्हणाल्या असत्या, "मास्तर, दारातच किती वेळ उभं करतायसा?" तरीही लिहितो आहे, कारण एक गोष्ट मला एकट्याला पेलवत नाही. वाचकांनी क्षमा करावी.

आत्या पुढचे पान कधीही उलटून पाहत नसत. हाती पुस्तक आले की शेवट चाळणारी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. मी स्वतः त्यांपैकीच. आत्यांना तो मोह शिवलाच नव्हता.

कोल्हापूरच्या विद्यापीठात इंग्रजी विभागामागे मोडके बाक ठेवण्याची एक खोली आहे. तेथे दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी आम्ही सात-आठ जण व्हिक्टोरियन काळातील कादंबऱ्या वाचत असू. मंडळाला नाव नव्हते, नोंदवही नव्हती. आत्या होत्या. आम्ही सारेच त्यांना आत्या म्हणत असू. त्या प्राध्यापिका नव्हत्या; सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नेसरी गावच्या परिचारिका होत्या. मिरजेच्या मिशन दवाखान्यात शिकताना त्यांना इंग्रजीची गोडी लागली आणि साठीनंतर त्यांनी बाहेरून एम.ए. केले. पदवी मिळाल्यावरही त्यांचे येणे थांबले नाही. सकाळच्या एसटीने त्या येत. खांद्याला कापडी पिशवी असे, आणि पिशवीत तपकिरी लिफाफे.

त्या काळी कादंबऱ्या महिन्याला एकेक भाग अशा प्रसिद्ध होत. आपणही तशाच वाचायच्या, हा आत्यांचा दंडक. राजारामपुरीतील झेरॉक्सवाले मुल्लाभाई प्रत्येक भागाच्या प्रती काढून प्रत्येकाचा वेगळा लिफाफा चिकटवून देत. ते लिफाफे सर्वांसमक्षच फुटत.

"आत्या, मशीनवर सगळी पानं माझ्या डोळ्यांखालनं जात्यात. शेवट सांगू काय?" मुल्लाभाई चिडवत.

"सांग की! इंग्रजी येतंय काय तुला?"

"येत न्हाय म्हणूनच हे काम मला दिलंय न्हवं!"

एकदा मी भीत भीत या नियमाचे कारण विचारले. त्या म्हणाल्या, "तवाच्या लोकांस्नी पुढचं ठावं नव्हतं. महिनाभर ती माणसं मनात घेऊन ऱ्हायची ती. आपुन बी ऱ्हायचं."

आणि त्या खरोखरच राहत. एका कादंबरीतील धाकटी सून चौथ्या भागात दोनदा खोकली. आम्ही तिच्या लग्नाच्या पोशाखावर बोलत होतो. आत्या म्हणाल्या, "हिला क्षय हाय. लेखक बोलत न्हाय, खोकला बोलतोय." नवव्या भागात ते खरे ठरले, तेव्हा विभागातील दोन प्राध्यापक एकमेकांकडे पाहत राहिले. आत्या मात्र डोळ्यांना पदर लावून बसल्या होत्या.

माझा अपराध याच खोलीत उघडा पडला. पंचवीस वर्षे शिकवणीच्या वर्गात मी इंग्रजी व्याकरण शिकवले. पण चार माणसांत गोष्ट वाचायची म्हटले की मी पाळी दुसऱ्यावर ढकलत असे. त्या वर्षीची कादंबरी खाणीच्या गावातील दोन भावांची होती, सोळा भागांची. सातव्या भागाच्या वाचनाची पाळी माझ्यावर आली. फजिती होऊ नये म्हणून मी ती मोबाईलवर शोधली आणि तयारी करता करता शेवटपर्यंत वाचून टाकली.

सातव्या भागात थोरला भाऊ जहाजावर निघण्यापूर्वी घरात सर्वांबरोबर न्याहारी करतो. हसण्याखिदळण्याचा प्रसंग. मी वाचू लागलो आणि दुसऱ्या पानावर वाक्याच्या मध्येच अडलो.

"आज एवढंच," आत्या शांतपणे म्हणाल्या. "मास्तरांचा घसा बसलाय. चहा मागवा."

नंतर एसटीच्या थांब्यावर त्या माझ्याकडे न पाहताच बोलल्या. "पुढचं वाचलासा तुम्ही."

"कसं ओळखलंत?"

"त्यो पोरगा हसत न्याहारी करतोय, आन् तुमचा आवाज तिरडी उचलल्यावानी! तीस वर्सं वॉर्डात काढली मी. रिपोर्ट बघून आलेल्या माणसाचा आवाज मला कळतोय." मग पिशवी खांद्यावर सारखी करत म्हणाल्या, "त्याला हसत निरोप द्यायचा होता आम्हास्नी. त्यो निरोप तुम्ही हिरावून घेतलासा."

हे त्यांनी मंडळात कुणालाही सांगितले नाही. पुढच्या महिन्यापासून मात्र दर वेळी वाचायला मलाच बसवले.

तेरावा भाग झाला आणि आत्यांना कोल्हापुरातच दवाखान्यात ठेवावे लागले. "मी लगेच जात न्हाय. सोळावा ऐकूनच जातो," असे त्या डॉक्टरांना सांगत. उशाशी तीन बंद लिफाफे होते. चौदावा वाचायला आठ दिवस अवकाश होता. मी म्हणालो, "आत्या, आजच वाचू का?"

"शनिवारी."

मी उठलो, तेव्हा त्यांनी माझे मनगट धरले. नाडी पाहावी तसे.

"मास्तर, एवढंच सांगा. थोरला परत येतोय काय?"

हा प्रश्न त्यांनी उभ्या आयुष्यात कुणाला विचारला नसेल. मला उत्तर ठाऊक होते. बहुधा सातव्या भागापासून त्यांनाही. तरी त्या विचारत होत्या.

"अजून तीन भाग आहेत, आत्या," मी म्हणालो.

मग मनगट सोडून म्हणाल्या, "आज आवाज बरा लागला."

शनिवारच्या आदल्या दिवशी आत्या गेल्या.

मंडळाने उरलेले तीन भाग महिन्याला एक याप्रमाणेच वाचून पूर्ण केले. वाचले मीच. थोरला परत आला नाही. आत्यांचे तीन लिफाफे माझ्या कपाटात तसेच चिकटवलेले आहेत. त्या दिवशी त्या मला तपासत होत्या, की त्यांना खरोखर उत्तर हवे होते, हे मला आजही उमगलेले नाही.

तुम्ही माझ्या जागी असता, तर त्यांना काय सांगितले असते?