पाया पडायचं राहिलं

म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यातला आमचा कानडी शिंपी माप घेताना टेप गळ्याला लागली तरी "दुखलं का?" विचारायचा. आमच्या हौशी नाटकात मात्र तोच खुनी. झोपलेल्या राजाला, म्हणजे माझ्या बाबांना, पत्र्याच्या सुरीने मारायचा. पडदा पडला की बाबांच्या पाया पडायचा, आणि ते म्हणेपर्यंत उठायचा नाही: "नोडप्पा, बघ ना, जिवंत आहे मी. ऊठ आता."

गेल्या प्रयोगानंतर बाबांना बरं वाटेना, म्हणून आम्ही त्यांना लगेच घरी आणलं. पाया पडायचं राहिलं. महिन्याभरात बाबा झोपेतच गेले.

तेराव्याला तो आला. "झोपेतच ना, अल्लवा?" एवढंच विचारून फोटोपुढे वाकला, तो उठेचना. त्याला उठवणारं वाक्य मला पाठ होतं, पण तोंडून निघेना.