हापशापासून व्हरांड्यापर्यंत

शेख सरांनी मला ओळीत ठेवलं. हे आधी लिहून टाकतो, कारण पुढं गोष्ट सांगण्याच्या नादात ते मागं राहून जाईल आणि वाचणाऱ्याला वाटेल की सगळं मी माझ्याच अकलेनं केलं. मी नववीत शाळा सोडलेला माणूस आहे. अक्कल किती, ते मला ठाऊक आहे.

पुसेगावच्या बाजूला आमची शाळा होती. शेख सर तिथं हिंदी शिकवायचे. गाण्याला वेगळा मास्तर नव्हता, आणि सरांच्या वडिलांची जवळा बाजारला बँड पार्टी होती, म्हणून समूहगान सरांच्या गळ्यात पडलं. नोकरी लागेपर्यंत सर वरातीत क्लॅरिनेट वाजवायचे. ते सांगायला त्यांना लाज वाटत नसे. उलट शिकवताना मधेच म्हणायचे, "वरातीत म्होरं घोडा अस्तो. घोड्याची चाल बघून वाजवावं लागतंय. घोडा तुमच्या गाण्यावर चालत न्हाई, बराबर?" आम्ही बराबर म्हणायचो. आपण घोडे आहोत हे आम्हाला फार उशिरा कळलं.

स्पर्धेचं पत्र आलं की दुसऱ्या शाळा आधी गाणं ठरवायच्या आणि मग त्यात पोरं कोंबायच्या. शेख सरांचं उलटं. ते आधी पोरांचं माप घ्यायचे. मैदानाच्या एका टोकाला हापसा होता, दुसऱ्या टोकाला व्हरांडा. व्हरांड्यात सर पेटी घेऊन बसायचे. पाचवी ते आठवीची पोरंपोरी एकेक करून हापशापाशी जायची आणि तिथून घरच्या कुणालातरी हाक मारायची. सर पेटीवर तो सूर शोधायचे आणि त्या पट्टीवर खडूनं पोराचं पहिलं अक्षर लिहायचे. आठवड्याभरात पेटी बाराखडीच्या पाटीसारखी दिसायची.

गा म्हणायचं सोडून हाक काहून, असं आमच्या वर्गाच्या बाईंनी एकदा विचारलं. सर म्हणाले, "गा म्हणलं की लेकरू दुसऱ्याचा आवाज काढतंय. आईला हाक मार म्हणलं की सोताचा."

या पद्धतीत तकलीफ होती. एका पोरानं आजीला अशी हाक मारली की शाळेमागच्या गल्लीतून तीन आज्या धावत आल्या. दोघी परत गेल्या. तिसरी म्हणाली, लेकराला काय लागलं ते बघितल्याशिवाय जाणार नाही. सरांनी तिला पाणी दिलं, खुर्ची दिली आणि शेवटी तिचंही माप घेतलं. सातवीतल्या रुक्मिणनं घरच्या माणसाऐवजी म्हशीला हाक मारली. ती हाक पेटीच्या अगदी वरच्या पट्टीवर गेली. सर खूश झाले. म्हणाले, "म्हैस कुठं चरती तुमची, पार तिकडं वारंगा फाट्याला?"

मापं झाली की सर गाणी तपासायचे. त्यांची एक वही होती, त्यात नापास झालेली गाणी कारणासकट लिहिलेली असायची. मी ती चोरून वाचली आहे. एका गाण्यापुढं होतं, 'छान आहे, पण श्वास घ्यायला जागा नाही. पोरं मरतील.' दुसऱ्यापुढं, 'पाचवीची पोरं अर्थ विचारतील. मलाही येत नाही.' तिसऱ्यापुढं फक्त एवढंच, 'वर चढतं. आठवीच्या पोरांना खाली कोण उतरवणार?'

आठवीची पोरं म्हणजे आम्ही. त्या वर्षी माझा आवाज फुटला होता. एका शब्दात मी पोरगी असायचो आणि दुसऱ्या शब्दात माझा बाप. वर्ग इतका हसायचा की मी बोलणंच बंद केलं. हजेरीला नुसता हात वर करायचो. बाई मान खाली घालून हजेरी घ्यायच्या, त्यामुळे समोर बसून मी चार दिवस गैरहजर लागलो. घरी निरोप गेला. वडील, म्हणजे बापू, म्हणाले, तिथं जाऊन बोलत न्हाईस, तर जातोस कशाला? थोरला भाऊ आधीच बंगलोरला कामाला गेला होता. मीही जावं असं घरात सगळ्यांच्या मनात येऊन राहिलं होतं. मला शाळेत धरून ठेवणारी एकच गोष्ट होती, गाण्याची ओळ. पाचवीपासून मी तिच्यात उभा राहत होतो. आणि शाळेचा नेम असा होता, की आवाज फुटलेल्या पोरानं ओळीतून बाहेर पडायचं आणि शाळेच्या नावाचा फलक धरायचा.

हापशापाशी माझी पाळी आली. मी 'याडी' अशी हाक मारली. आमच्या तांड्यात आईला याडी म्हणतात. हाक वर निघाली, मधेच तुटली आणि खाली येऊन पडली. मैदान हसलं. सरांनी वरची पट्टी दाबून बघितली, मग खालची, आणि दोन्हींवर माझं अक्षर लिहिलं. मी जवळ गेल्यावर एवढंच म्हणाले, "तुझ्याकडं दोन हायेत. बाकीच्यायकडं एकेकच हाय."

हिंगोली तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. नव्या जिल्ह्यात आपलं नाव पहिलं लागावं म्हणून हेडमास्तरांनी गाणं स्वतःच निवडलं. देशभक्तीचं होतं आणि कडव्याच्या शेवटी शिडी लावल्यासारखं वर जायचं. शिक्षण खात्याच्या साहेबांना ते आवडतं, असं त्यांच्या कानावर आलं होतं. आवाज फुटलेल्या आम्हा सहा पोरांना फलकाकडं पाठवा, असंही त्यांनी सांगितलं. फलक एक होता. सहा जणांनी तो कसा धरायचा हे त्यांनी सांगितलं नाही.

शेख सर वाद घालत नसत. त्यांनी अदबीनं सुचवलं, की उद्या प्रार्थनेला तुम्हीच म्हणून दाखवलं तर पोरांना नमुना मिळेल. हेडमास्तरांना ते पटलं. दुसऱ्या दिवशी सगळी शाळा उभी. सरांनी विचारलं, पट्टी कोणती देऊ? हेडमास्तर म्हणाले, नेहमीचीच. सरांनी स्पर्धेची, म्हणजे पोरांची वरची पट्टी दिली. पहिली ओळ बरी गेली. दुसऱ्या ओळीला हेडमास्तर टाचा वर करून उभे राहिले. कडव्याच्या शेवटी ते जिथं पोचायला हवे होते तिथं आवाजाऐवजी नुसती हवा पोचली. कुणीच हसलं नाही. हेडमास्तरांनी घाम पुसला आणि म्हणाले, "शेख, दुसरं बघा काहीतरी. पोरांच्या घशाला त्रास व्हायला नको."

मग सरांनी प्रत्येकाला घरचं गाणं आणायला सांगितलं. मी काही आणलं नाही, म्हणून रविवारी सर सायकलवर थेट आमच्या तांड्यावर आले. माझा आजा बाजेवर पडला होता. सरांनी त्याला तंबाखू दिली आणि जुनं काहीतरी म्हणायला लावलं. आज्याच्या आज्यापासून चालत आलेलं एक गाणं होतं. बैलांवर मीठ लादून आमची माणसं मुलखातून फिरायची, तेव्हाचं. चार-पाच सुरांतच फिरणारं, पाचवीच्या पोरालाही जमेल असं. प्रत्येक कडव्यानंतर मागचा माणूस म्होरच्याला हाक देतो. हाक वर निघते, मधे तुटते आणि खाली पडते. आजा म्हणाला, ती तशी तुटली तरच धुळीच्या पल्याड ऐकू जाते.

सरांनी ती हाक तीनदा ऐकली. मग माझ्याकडं बघितलं आणि मला म्हणायला लावली. मी म्हटली.

आजा उठून बसला. "मला ह्ये शिकायला दोन वर्सं लागली," म्हणाला. "ह्याला कुणी शिकवलं?"

"वयानं," सर म्हणाले.

गाणं ठरलं. हाक माझी. मी ओळीत राहिलो, तेही मधोमध. घरी बापूंनी शाळेचा विषय काढला की आजाच त्यांना गप्प करायचा. पोरगं आपलं गाणं घेऊन हिंगोलीला जाऊन राहिलं, असं तांडाभर सांगत फिरायचा. दोन महिने रोज मी तुटत होतो आणि रोज मला शाबासकी मिळत होती.

स्पर्धेच्या सकाळी एसटीत बसून मी हळूच हाक म्हणून बघितली. ती तुटली नाही. पुन्हा म्हटली. सरळ, जाड, बापूंसारखी निघाली. माझा आवाज फुटायचा थांबून पक्का झाला होता. ज्या गोष्टीसाठी मी वर्षभर देवाला नवस बोललो होतो ती नेमकी त्या दिवशी झाली. हिंगोलीपर्यंत मी खोकून, ओरडून, बर्फगोळा खाऊन बघितलं. आवाज हलायला तयार नव्हता. शेवटी मंडपामागं जाऊन सरांना सांगितलं आणि म्हणालो, मी फलक धरतो.

सरांनी हाक म्हणायला लावली. ऐकली. मग म्हणाले, "दोनातला एक गेला. एक हाय ना? ओळीतून कुणी हलायचं न्हाई." त्यांनी रुक्मिणला माझ्या शेजारी उभं केलं. तिला म्हणाले, म्हैस आठव. तिनं वरची अर्धी हाक द्यायची, ती जिथं सोडेल तिथून खालची मी उचलायची. एकदाच करून बघितली आणि आमचं नाव पुकारलं गेलं.

मधला सांधा कुठंच दिसला नाही. दुसरा नंबर आला. परीक्षकांनी विचारलं, ती हाक देणारा मुलगा कोण? सरांनी आम्हा दोघांना पुढं ढकललं. "दोघं?" परीक्षक म्हणाले.

"हौ साहेब," सर म्हणाले. "एकट्याचं काम न्हाई ते."

परतीच्या एसटीत हेडमास्तरांनी कंडक्टरला सांगितलं की गाण्याची निवड त्यांची होती. सर खिडकीबाहेर बघत मान हलवत होते.

ओळीमुळे मी आणखी एक वर्ष शाळेत टिकलो. नववीत आजा गेला, घर विस्कटलं आणि भावानं बोलावून घेतलं. वारंगा फाट्यावर मी गाडीची वाट बघत होतो, तेव्हा सर सायकलवर आले. उपदेश केला नाही. चहा पाजला. गाडी आली तशी रस्त्याच्या पलीकडं जाऊन उभे राहिले आणि तिथून हातानं खूण केली, हाक मार. मी खिडकीतून मारली. ट्रकच्या भोंग्यांतून ती पोचली असावी, कारण त्यांनी हवेतच एक पट्टी दाबली आणि बोटानं माझं अक्षर लिहिलं.

आता बंगलोरला इमारतींच्या कामावर मी खाली उभा राहून वरच्यांना हाका देतो. वरच्यांशी बोलायचं यंत्र आहे, पण ते बंद पडतं. कानडी, तेलुगू, बिहारी, सगळे माझा आवाज ओळखतात. दर वेळी नव्या मुकादमासमोर उभं राहिलो की आधी वाटतं, हा आपल्याला बाहेर तर काढणार नाही? मग मी एक हाक देतो आणि तो मला ठेवून घेतो.

सर निवृत्त होऊन जवळा बाजारला असतात. रुक्मिणच्या भावानं फोनवर सांगितलं, की पेटीचा भाता फाटलाय आणि सरांना ऐकू कमी येतं. इथं पेट्या दुरुस्त करणाऱ्याकडं जाऊन मी भात्याचं चामडं बघून ठेवलंय. सर, ते घेऊन मी येईन. भाता बसवून देईन, तुम्हाला शाळेच्या व्हरांड्यात नेऊन बसवीन आणि मैदान ओलांडून हापशापाशी जाईन. ऐकू येतं का, असं मी विचारणार नाही. तुमचं बोट बराबर पट्टीवर पडेपर्यंत हाक मारत राहीन.