मला काहून न्हाई विचारत?

कनेरगाव नाक्यावरच्या आमच्या ढाब्यावर दुपारची गर्दी होती. पिठलं घोटता घोटता डाव्या खांद्यात कळ भरली आणि दरदरून घाम सुटला. मला वाटलं, चुलीची धग असेल. नवऱ्यानं माझं तोंड पाहिलं आणि हातातली पळी काढून घेतली. आधी हिंगोली, तिथून नांदेड. गाडी कुणाची होती तेही आज आठवत नाही.

हार्ट अटॅक होता. रक्त तपासल्यावर आणखी एक निघालं, माझ्या किडन्याही अधू झाल्या होत्या. बीपी होतंच, त्यात गुडघ्यांसाठी मी वर्षानुवर्षं मेडिकलमधून अंगदुखीच्या गोळ्या आणून खायची. इको केली, तर हृदयाची ताकदही बरीच उतरलेली.

डॉक्टर बाई माझ्या लेकीच्या वयाच्या. पडद्याबाहेर त्या घरच्यांना सांगत होत्या, "अँजिओग्राफी करायला पाहिजे. पण त्यात जे औषध सोडतात त्याचा किडनीवर भार पडतो. डायलिसिसची वेळ येऊ शकते."

"मग कशाला?" धाकटे दीर लगेच म्हणाले. "गोळ्या द्या, घरी नेतो. बाईमाणसाचं किती करायचं?"

नवरा गप्प. दिराच्या बोलण्यापेक्षा ते मला जास्त लागलं.

मी तोंडावरचा मास्क ओढला आणि ओरडले. ओरडले कसली, घोगरा आवाज निघाला. "इकडं या समदे! छाती माझी हाय, किडनी माझी हाय. मला काहून न्हाई विचारत?"

पडदा सरकला. डॉक्टर बाई जवळ येऊन बसल्या.

"न्हाई केलं तर काय व्हईल?" मी विचारलं.

"हृदय आणखी कमजोर होईल. परत अटॅक येऊ शकतो."

"अन् केलं तर?"

"औषध कमीत कमी वापरू, किडनीवर लक्ष ठेवू. पण खात्री देत नाही."

"खात्री नगं. करा."

"वहिनी, हट्ट करून राहिल्या तुमी," दीर म्हणाले.

"व्हय भावजी, करून राहिले."

तेव्हा कुठं नवऱ्याला कंठ फुटला. "ती म्हणते तसंच करा."

अँजिओग्राफीत नस चोंदलेली दिसली, तिथं स्टेंट बसला. पुढचे दिवस मात्र वाईट गेले. लघवी कमी झाली, पाय सुजले, अन्नाचा वास नकोसा झाला. दोनदा डायलिसिस करावं लागलं. दीर यायचे, मान हलवायचे. मला इतका राग यायचा की त्या रागानंच मी उठून बसायची. हळूहळू लघवी नीट व्हायला लागली. किडन्या पहिल्यासारख्या झाल्या नाहीत, पण मशीन सुटलं.

घरी आले तर मागच्या खोलीत माझी खाट टाकलेली. बघायला आलेल्या बाया म्हणाल्या, "आता निस्तं पडून ऱ्हायचं, माय." त्या गेल्यावर मी नवऱ्याला खाट उचलायला लावली आणि ढाब्याच्या पुढं, रस्त्याकडं तोंड करून टाकली. तिथूनच सुनेला सांगत राहिले, पीठ किती, तिखट किती. आता चुलीपुढं उभी राहते. पाणी मोजून पिते. गुडघे दुखले तर शेकते, त्या गोळ्यांना हात लावत नाही. मला मीठ बंद, म्हणून भाजीतलं मीठ सून चाखते.

परवा तपासणीला गेले. हृदय सुधारलंय, किडनी आहे तिथं थांबली आहे, असं डॉक्टर बाई म्हणाल्या. मग विचारलं, "जड काही उचलत नाही ना?"

"न्हाई," मी म्हटलं.

शेजारी बसलेला नवरा हसायला लागला. सकाळीच त्यानं मला कणकेनं भरलेली परात उचलताना पाहिलं होतं. डॉक्टर बाई चांगल्याच रागावल्या. मी सगळं ऐकून घेतलं आणि रात्रीच्या भाकरी थापायच्या आहेत म्हणून उठले.