पिवळी गोळी कधी द्यायची?

डॉक्टरनं फाईल फेकली. आईच्या छातीवर आदळून ती खाली पडली, कागद फरशीवर पसरले. आईची बोटं सांधेवातानं सुजलेली. तरी उचलायला तीच वाकली.

मी एवढंच विचारलं होतं, पिवळी गोळी कधी द्यायची. दुसऱ्यांदा विचारलं, हा माझा गुन्हा.

"कागदावर लिहिलंय ना? का वाचायलाही कोटा हवाय तुम्हाला?"

तो मराठी होता. आपला माणूस म्हणून बाबा मुद्दाम त्याच्याकडे गेले. दिल्लीच्या द्वारकेत तेव्हा नव्या सोसायट्या उठत होत्या, त्यातच त्याचं काचेचं, एसीवालं क्लिनिक. पहिल्याच भेटीत त्यानं आडनाव विचारलं, गाव विचारलं आणि काय समजायचं ते समजला. बाबा केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर, पण तिथं हात जोडून उभे. बाहेर आल्यावर त्यांनी मला खाडकन मुस्काटात दिली. "मोठ्या माणसाला उलट विचारतेस?" मी सतरा वर्षांची होते. तिसऱ्यांदा विचारलं नाही.

कागदावर काय, नुसती इंग्रजी खरड. केमिस्टनं सगळ्या गोळ्या एकाच पाकिटात भरल्या. बाकीच्या रोजच्या, म्हणून पिवळीही रोज. मीच दिली, माझ्या हातानं, सकाळच्या चहाबरोबर. नऊ दिवस.

आईचं तोंड आतून सोलून निघालं. थुंकीत रक्त. पेजेचा घोट गिळताना भिंतीवर मुठी आपटायची.

परत त्याच्याकडेच नेलं. सगळ्या पेशंटांसमोर तो ओरडला, "रोज दिलीस? अगं, आठवड्यातून एकदा असते ती! अडाणी लोक, माराल बाईला!"

बाबांनी परत हात जोडले. ते हात बघून माझं डोकंच फिरलं. टेबलावरून वाकून मी त्याची कॉलर धरली.

"आठवड्यातून एकदा, असं सांगितलं होतं तुम्ही? हो की नाही?"

गार्डनं वेणी धरून मागं खेचलं. टेबलाच्या कडेवर ओठ फुटला. कॉलर सोडली नाही. "हो की नाही, बोला!" शर्ट टर्रकन फाटला. बाबा "सोड गं, सोड" करत रडत होते.

आईला सरकारी हॉस्पिटलात हलवलं. पाचव्या दिवशी ती गेली.

आज मी मयूर विहारच्या एका दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर बसते. गोळी हातात द्यायच्या आधी विचारते, "अम्मा, ये कब खाओगी? आप बताओ मुझे." चुकलं की परत सांगते, परत विचारते. रांगेतून शिव्या येतात. येऊ देत.

परवा मोठ्या साहेबांनी लेखी तंबी दिली, पेशंटना प्रश्न विचारून वेळ घालवू नये. मी तो कागद त्यांच्या तोंडासमोर टराटरा फाडला.

"नोकरी घ्यायची तर घ्या," म्हटलं. "मी खिडकीवर आहे तोवर तिसऱ्यांदा विचारणार. चौथ्यांदाही विचारणार."