सहा नळ्या गाळ

माझा थोरला भाऊ नव्वदच्या आसपासच्या एका मे महिन्यात काविळीनं गेला. विद्यापीठात त्याचं पीएच.डी.चं काम चालू होतं, ते अर्धं राहिलं.

उन्हाळ्यात चामटोलीच्या तळ्याचं पाणी उतरलं की तो कंबरेइतक्या चिखलात उभा राहून प्लास्टिकची नळी गाळात ठोकायचा आणि तिचं वरचं तोंड बंद करून ती वर ओढायचा. जोराच्या पावसाच्या वर्षी तळ्यात जाड रेती येते, कमी पावसाच्या वर्षी बारीक माती. नळी उभी चिरली की हे थर एकाखाली एक दिसतात. "सगळ्यात खालचा पाऊस पणजोबांनी पाहिलेला," असं तो म्हणायचा. अशा सहा न चिरलेल्या नळ्या बुवापाड्यातल्या आमच्या घरात तांदळाच्या डब्यामागे उभ्या होत्या.

तो गेल्यावर आठव्या दिवशी त्याच्या सरांचं पत्र आलं. नळ्या आडव्या करू नका, उघडू नका, तेरावा झाला की मी येऊन नेतो, त्याच्या नावानं काम पुरं करू, असं त्यात होतं. मी ते दोनदा वाचलं आणि हातातल्या पुस्तकात ठेवून दिलं. घरात त्याचं नाव निघालं की आई भिंतीकडे तोंड करून बसायची. मोठ्यानं वाचून दाखवायचा धीर मला झाला नाही.

दहाव्याला आम्ही पुरुष नदीवर गेलो. कावळा पिंडाला शिवेना. वडील हात जोडून काहीबाही कबूल करत होते. भटजी मला म्हणाले, "त्याचं काही राहिलं असेल तर तू बोल." मी म्हणालो, "दादा, तुझ्या नळ्या सरांना पोचवतो." कावळा शिवला. वडील रडले, पण त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण गेला.

त्याच वेळी घरी सुतकाची साफसफाई चालली होती. परतलो तेव्हा गच्चीवर जुन्या लुगड्यावर माती पसरली होती. शेजारी सहा रिकाम्या नळ्या, धुतलेल्या.

"वास यायला लागला होता रे," आई म्हणाली. "शेजारच्या काकू म्हणत होत्या, टाका गटारात. त्याची वस्तू, टाकेन कशी? सगळी काढली, खडे वेचले, ढेकळं फोडली. वाळली की डब्यात भरते."

तिच्या नखांत गाळ होता.

सर आले. आईनं डबा पुढे केला आणि विचारलं, "कमी तर नाही ना भरली?"

सरांनी झाकण उघडलं, पाहिलं. "नाही, बाई. सगळी आहे."

बाहेर जिन्यात ते मला म्हणाले, "यात आता काही वाचता येणार नाही. पत्र मिळालं नव्हतं का?"

"मिळालं होतं."

ते कठडा धरून दोन पायऱ्या उतरले. मग म्हणाले, "जागा तुला माहीत आहे ना? पावसाच्या आत एक जरी नळी निघाली तरी बघू."

सरांनी नेलेली माती नीट पोचली का बघून येतो, असं आईला सांगून दुसऱ्या दिवशी मी नळी घेऊन चामटोलीला गेलो. तळ्याच्या जागी उभा कापलेला खड्डा होता, तळाला मुरूम उघडा पडलेला. बांधावरच्या म्हाताऱ्यानं माझ्या हातातली नळी ओळखली.

"चिखलवाल्या मास्तरचा भाऊ ना तू? माती गेली कवाच. भट्टीवाल्यानं पावसाआधी काढून नेली, विटांना." मग म्हणाला, "मास्तर नाय आला या टायमाला?"

मी सांगितलं. त्यानं डोक्याचा फडका काढला.

तरी मी खड्ड्यात उतरलो. चारी बाजूंनी नळी ठोकून पाहिली, दगडानं, मग दुसऱ्या दगडानं. ती मुरमात वीतभरही जाईना. टोक फुटलं. "वर ये आता, पोरा," म्हातारा वरून सांगत होता. मी ठोकत राहिलो.

घरी आलो तर आई दारातच होती. "पोचली का रे माती?"

"पोचली," मी म्हणालो.

पुढे कित्येक वर्षं ती विचारायची, काय निघालं त्यातून. मी दर वेळी काहीतरी सांगायचो: अमुक पिढीत मोठा पूर आला होता, अमुक वर्षं कोरडी गेली. ती ते शेजारणींना सांगायची. म्हणायची, हे आमच्या मोठ्यानं शोधलं.