म्हशीपुढची माफी

सुक्कोथ हा आम्हा यहुद्यांचा आनंदाचा सण. सात दिवस आनंद करा, अशी शास्त्राची आज्ञाच आहे. घरी आम्ही त्याला मांडवाचा सण म्हणतो, कारण ते सात दिवस उघड्यावर मांडव घालून त्यात जेवायचं असतं. छप्पर कापलेल्या पानाफांद्यांचंच हवं आणि त्यातून चांदण्या दिसायला हव्यात. कोकणातले आमचे बेने इस्राएल नातेवाईक नारळाच्या झावळ्या टाकतात. इंदापुरात आमचं एकच घर आणि आजूबाजूला ऊसच ऊस. त्यामुळे गच्चीवरच्या मांडवाला आम्ही उसाचे वाढे, म्हणजे शेंड्याकडचा हिरवा पाला वापरतो. एरवी तो गुरं खातात.

वाढे आणून द्यायचे लासुर्ण्याचे तात्या. मी बारामतीच्या कॉलेजात शिकवतो; त्यांची मुलगी तिथं माझी विद्यार्थिनी होती, तेवढ्या ओळखीवर ते दरवर्षी ट्रॅक्टर घेऊन यायचे. गेल्या वर्षी आभाळ भरून आलं होतं. मी घरी नव्हतो. तात्यांनी वाढे टाकले आणि पाहुणे भिजतील म्हणून वर निळी ताडपत्री अंथरून ती तारेनं आवळून टाकली. ताडपत्रीखालचा मांडव आमच्या नियमात बसत नाही. परत आल्यावर मी ती काढली, त्यांचे आभार मानले. विषय तिथंच संपायला हवा होता.

महिन्याभरानं लासुर्ण्याच्या वाचनालयात मला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलं. माझी पाळी येईपर्यंत नऊ सत्कार झाले होते आणि लोक जांभया देत होते. मी माईकवर तात्यांची गोष्ट सांगितली. म्हणालो, ‘देवानं आभाळ बघायला सांगितलं, तात्यांनी देवालाच ताडपत्री घातली.’ लोक हसून लोळले. पहिल्या रांगेत बसलेले तात्याही हसले.

यंदा वाढे आले नाहीत. मी केळीच्या पानांवर मांडव भागवला आणि तात्यांना फोन केला. तो सुनेनं उचलला. गावानं सासऱ्यांचं नाव ताडपत्री पाडलंय, वर्षभर सगळे त्याच नावानं हाक मारतात, म्हणून ते डेअरीवरही जात नाहीत, असं तिनं सांगितलं.

सणाच्या पाच दिवस आधी योम किप्पूर, म्हणजे आमचा प्रायश्चित्ताचा दिवस, झाला होता. मी कडक उपास केला होता आणि ‘आम्ही पाप केलं’ ही प्रार्थना म्हटली होती. ती अनेकवचनात असते, ही तिची मोठी सोय. माणसाचा अपराध मात्र त्या माणसाकडूनच माफ करून घ्यावा लागतो. त्यासाठी मी सगळ्या ओळखीच्यांना एकच मेसेज पाठवला होता : कळत-नकळत दुखावलं असल्यास क्षमस्व. तात्यांनी उत्तरादाखल जोडलेले हात पाठवले होते. मी प्रकरण मिटलं असं धरून चाललो होतो.

मांडवाच्या सणाचा सातवा दिवस होशाना रब्बा. त्या दिवशी माणसाच्या वर्षाच्या निवाड्यावर शेवटची मोहर उठते, अशी समजूत आहे. मी अशा समजुतींकडे लांबूनच बघतो, पण त्या सकाळी लासुर्ण्याची एसटी पकडली.

तात्या गोठ्यात होते.

‘या सर. वाढं न्यायला आलाय व्हय? औंदा न्हाईत.’

‘वाढ्यांसाठी नाही तात्या. त्या भाषणाची माफी मागायला आलोय. चुकलं माझं.’

‘चुकलं तर खरंच.’ त्यांनी शेणाची पाटी खाली ठेवली. ‘पर बोलला माईकवर, आन् माफी मागताय हितं, म्हशीपुढं. म्हशीनं मला कवा ताडपत्री म्हटलं न्हाय.’

‘मग काय करू?’

‘मारुतीच्या देवळात माईक हाय. आता पंचायतीचा शिपाई नळाच्या पाण्याचं सांगंल. त्येच्यामागनं तुमी बोला.’

यहुदी माणूस मारुतीच्या देवळातून कर्ण्यावर माफी मागतोय, हा प्रसंग दुसऱ्या कुणावर आला असता तर मी त्यावर छान भाषण केलं असतं.

उद्या पाणी येणार नाही, असं सांगून शिपायानं माईक माझ्या हातात दिला. पाण्यावरून एक चुरचुरीत वाक्य तयार होतं. गाव नक्की हसलं असतं. मी ते गिळलं.

‘मी इंदापूरचा सर. पाहुणे भिजू नयेत म्हणून तात्यांनी माझ्या मांडवावर ताडपत्री घातली. ते मायेनं केलेलं काम होतं. मी वाचनालयात त्याचं हसं केलं. ते नाव माझ्यामुळे पडलं. कृपा करून त्यांना त्या नावानं हाक मारू नका.’

मी माईक परत दिला. शिपायानं बटण बंद केलं.

मी गोठ्यात परतलो. ‘ऐकू आलं का?’

‘आलं. आवाज बारीक हुता, पर आलं.’

‘मग तात्या?’

‘मग काय? लोकांनी वरीसभर म्हटलं. आता थांबत्यात का ते बघू की. मग सांगतो माफ केलं का न्हाय ते.’

आमच्याकडे आजचाच दिवस शेवटचा असतो, हे अगदी ओठांवर आलं होतं. पण ती मुदत माझ्या पंचांगातली. वर्षभर नाव ऐकलं होतं त्यांनी.

‘बघा सावकाश,’ मी म्हणालो.

तात्यांनी सुनेला हाक मारून दोन चहा सांगितले आणि पुन्हा पाटी उचलली.